कै. लिहिलेला डबा

माझ्या मरणाची बातमी माझ्या घरी पोचली, आणि तिला कारण मीच होतो. दुसऱ्या कुणी अफवा उठवली असती तर त्याच्याशी भांडून मोकळा झालो असतो. भांडणात मी कधी मागे राहिलेलो नाही. पण डबा मी कापला, भोकं मी पाडली, आणि त्यातलं एक भोक नको तिथे पडलं, तेही माझ्याच उतावीळपणाने. आईवडिलांना त्या भोकापायी काय सोसावं लागलं ते आठवलं की आजही जेवणावरची वासना उडते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी दुबईत करामामध्ये एका खोलीत बेड घेऊन राहत होतो आणि इमारतींमध्ये फायर अलार्म बसवणाऱ्या कंपनीत टेक्निशियन होतो. मायदेशी परतणाऱ्या एका फिलिपिनो सहकाऱ्याने जाताना आपली इलेक्ट्रिक गिटार आणि छोटा अँप्लिफायर मला विकला होता. गिटार मला बेताचीच यायची, पण तिचा आवाज फाडून, खरखरीत करून सोडणारं पेडल आपण घरी बनवायचं, हे खूळ मात्र डोक्यात पक्कं बसलं. गिटार आणि अँप्लिफायरच्या मध्ये ही पेटी जोडायची, जमिनीवर ठेवायची, आणि वाजवता वाजवता पायाने वरचं बटण दाबायचं. दाबलं की आवाज बदलतो. दुकानात तयार पेडल मिळत होतं, पण दिरहॅममधल्या किमतीचे रुपये करायला मनातल्या मनात दहाने गुणलं की पाय माघारी वळायचे. सर्किट साधंच होतं. दोन ट्रान्झिस्टर, चार-पाच कपॅसिटर, एक बॅटरी. देऱ्याच्या बाजारातून सुटे भाग आणले आणि सुट्टीच्या दोन शुक्रवारांत जोडून टाकलं.

पहिल्यांदा ते प्लॅस्टिकच्या साबणदाणीत बसवलं. आवाज फाटत होता, पण त्याच्या मागे सतत एक गुणगुण असायची. खोलीतली ट्यूबलाइट, एसी, शेजारचा टीव्ही, सगळ्यांची वीज त्या उघड्या तारांत शिरत होती. उपाय एकच: धातूची पेटी. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, तो पहिल्याच दाबाला पापडासारखा मोडला. मग माझी नजर आईच्या डब्यावर गेली.

या डब्याबद्दल आधी सांगायला हवं. आजोबा गेले आणि चार महिन्यांनी मी जन्मलो. त्यांचंच नाव मला ठेवलं. आत्या पाळण्यात डोकावून म्हणायची, "अण्णाच आले परत." आजोबांच्या वर्षश्राद्धाला वडिलांनी नातेवाइकांना स्टीलचे डबे वाटले: चपटे, वीतभर रुंद, घट्ट झाकणाचे. झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं: वरच्या कडेला 'कै.' आणि नाव-आडनाव, खालच्या कडेला 'यांच्या स्मरणार्थ' आणि मृत्यूची तारीख. नाव घालणारा अक्षरामागे पैसे घ्यायचा, म्हणून मधलं नाव वडिलांनी गाळलं होतं. आजोबा आणि मी यांच्या नावात फरक होता तो फक्त त्या मधल्या नावाचा. तेव्हा झाकणावर उरलं ते माझंच नाव, पुढे कै. लावलेलं.

घरात मात्र माझं नाव कुणी घेत नसे. आई सासऱ्यांचं नाव कसं घेणार? आणि बापाचं नाव घेऊन पोराचा कान धरायचा हे वडिलांना कसं जमणार? त्यामुळे मी दोघांचाही 'बाळ'. पहिलीत हजेरीला नाव पुकारलं की मी शेजारच्या पोराकडे बघायचो.

सुट्टी संपवून दुबईला निघालो तेव्हा आईने त्याच डब्यात बेसनाचे लाडू भरले. घट्ट झाकणाचा दुसरा डबा नव्हता.

"डबा परत आण हं," ती हळूच म्हणाली. "घरात हा एवढाच उरलाय. आणि यांना सांगू नकोस मी दिला म्हणून. यांच्या लेखी तो माळ्यावर आहे."

"आणतो गं," म्हटलं. लाडू महिन्याभरात संपले. डबा मी कापायला घेतला.

माझ्या खोलीत त्रिशूरचा एक वयस्क फॅब्रिकेटर राहायचा. त्याला सगळे चेट्टन म्हणत, हाक मारताना चेट्टा, म्हणजे मल्याळममध्ये थोरला भाऊ. अल कूझच्या वर्कशॉपमध्ये तो हॉटेलांच्या स्वयंपाकघरांसाठी स्टीलची धुराडी बनवायचा. स्टीलला भोक पाडणं सोपं नसतं. घाई केली की ते तापतं, आणखी कडक होतं आणि ड्रिलच्या बिटाची धार खाऊन टाकतं. एका गुरुवारी दुपारी तो मला आपल्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. डबा हातात फिरवून त्याने झाकण वाचलं. शाळेत हिंदी शिकलेला होता.

"अरे, इसमें तेरा नाम लिखा है. ये 'कै' क्या है?"

कैलासवासी, आजोबा, वर्षश्राद्ध, एवढं रामायण हिंदीत सांगायचा मला कंटाळा आला. "श्री जैसा होता है, चेट्टा. इज्जत के लिए."

"अच्छा, अच्छा. व्हेरी गुड," म्हणून त्याने डबा शिकंज्यात धरला.

त्याने पंच ठोकून खुणा केल्या, तेलाचे थेंब सोडले आणि ड्रिल माझ्या हातात दिलं. "धीरे. जोर नहीं देने का. तेल, फिर थोडा, फिर तेल. स्टील को गुस्सा मत दिला." बाजूंना वायरींची दोन भोकं आणि झाकणावरचं मधलं, म्हणजे पायाच्या बटणाचं, त्याच्या देखरेखीत बरी पडली. तेवढ्यात त्याला मालकाने हाक मारली. एक गोष्ट नीट होईपर्यंत थांबायचं हे मला आयुष्यात जमलेलं नाही. खालच्या कडेला दिव्याचं भोक हवं होतं. मी बिट टेकवलं, तेल न घालताच जोर लावला, आणि स्टील जे किंचाळलं त्याने पलीकडच्या टेबलावरचे कारागीर वळून बघायला लागले. बिट खुणेवरून सरकलं आणि थेट तारखेत घुसलं. थांबलं तेव्हा साल नाहीसं झालं होतं. दिवस होता, महिना होता, आणि सालाच्या जागी एक फाटकं भोक.

चेट्टन परत आला, बघितलं, डोक्याला हात लावला. "खलास. अब लाइट इधर ही लगा."

कानशीने कडा घासल्या आणि लाल दिवा तिथेच बसवला. आजोबा कधी गेले हे सांगणारा आकडा मी कापून टाकला, याचं मला तेव्हा काडीचंही वाटलं नाही. आवाजातली गुणगुण गेली याचाच आनंद होता.

पण वाजवायला बसलो आणि वेगळीच पंचाईत झाली. पेडल पायाने दाबायचं असतं. अन्नाचा डबा, त्यावर आजोबांचं नाव, आणि त्याच्या बरोबर मधोमध माझा अनवाणी पाय. कुणाला चुकून पाय लागला की वाकून हात लावायचा आणि छातीशी न्यायचा, ही सवय हाडात मुरलेली. बटण दाबलं की माझा उजवा हात तारा सोडून खाली जायचा. दर वेळी. सूर तुटायचा आणि मी स्वतःवरच चिडायचो. चेट्टन पोट धरून हसायचा. "तू बजाता है कि पूजा करता है?"

हसण्यावारी गेलं ते त्या दिवसापर्यंत. ऑगस्टमधल्या शुक्रवारची दुपार होती. नमाज आटोपून लोक घरोघर झोपले होते. खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चेट्टन नातेवाइकांकडे गेला होता. मी बेडवर आडवा पडलो होतो, गिटार भिंतीला टेकलेली, अँप्लिफायर चालूच राहिलेला. एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि खोलीत एकदम शांतता झाली. तेवढ्यात जमिनीवरून आवाज आला: टक्.

मी वळून पाहिलं. पेडलचा लाल दिवा लागला होता, आणि अँप्लिफायरमधून श्वास घेतल्यासारखी खरखर येत होती. आसपास कुणीही नव्हतं. मी पडल्या पडल्या बघत राहिलो. तो दिवा लागला की त्याच्या उजेडात वरची टिंबं दिसायची. कै., आणि माझं नाव. काही वेळाने कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला. टक्. दिवा गेला, खरखर गेली.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. त्याच दुपारी मी झाकणावर बर्फाचा खडा ठेवून पाहिलं. टक्. भोकं पाडताना झाकण मधोमध जरासं फुगलं होतं. गारव्यात आणि उष्म्यात ते आत-बाहेर उडी मारायचं, आणि आत गेलं की बटणाची एक तार सर्किट बोर्डाला टेकायची. कोडं सुटलं. तारेवर चिकटपट्टी लावली की काम झालं असतं. पण मी ती लावली नाही. का, ते सांगणं कठीण आहे. भीती तर वाटत होती, आणि कारण कळूनही ती जात नव्हती, पण कुणीतरी आहे असंही वाटत होतं. पुढचे दोन-तीन शुक्रवार मी अँप्लिफायर मुद्दाम चालू ठेवून पडून राहिलो. टक् झालं की मनात म्हणायचो, अण्णा आले. आणि मग वाटायचं, अण्णा तर मीच. मग हे कोण आलं?

महिनाअखेरीस कंपनीने मला लिवाच्या बाजूला वाळवंटातल्या साइटवर पाठवलं, दोन महिन्यांसाठी. तिथे कॅम्पवर फोन नव्हता. निघण्याआधी घरी फोन करून तसं सांगितलं. गिटार, पेडल आणि मोठी सुटकेस बेडखाली सारली. चेट्टन केरळला रजेवर निघाला होता, त्यामुळे माझा बेड तेवढ्यापुरता कुणाला तरी द्यायचं काम इमारतीच्या नातूरवर, म्हणजे वॉचमनवर, सोपवलं.

आठ आठवड्यांनी परतलो तो शुक्रवारच होता, आणि वेळही दुपारचीच. किल्ली लावून दार उघडलं. माझ्या बेडवर एक पन्नाशीचा माणूस बनियनवर बसून पेपर वाचत होता. मराठी पेपर. समोरच्या फळीवर त्याचे देव मांडलेले होते, आणि देवांच्या बाजूला, जरा अंतर ठेवून, माझं पेडल. त्याच्यासमोर उदबत्तीची राख पडलेली.

"कोण पाहिजे?" त्याने विचारलं. बोलण्यावरून कोकणातला वाटला.

"हा माझा बेड आहे," मी म्हटलं, आणि नाव सांगितलं.

तो उठला. पेपर हातातून सुटला. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग सावकाश मान खाली घालून माझ्या पायांकडे. पावलं सरळ आहेत की उलटी, ते तो बघत होता. मी आयुष्यात पुष्कळ अपमान ऐकून घेतलेत आणि त्याहून जास्त केलेत, पण त्या नजरेसारखं मला काही लागलेलं नाही. मी स्वतःही खाली बघितलं.

"तुम्ही..." तो म्हणाला, "तुम्ही गेला नाहीत?"

मग त्याने सांगितलं ते असं. तो सिंधुदुर्गातला शटरिंगचा सुतार. बेडखाली सामान दिसलं तेव्हा त्याने नातूरला विचारलं. "मालूम नहीं भाई, वो आदमी अभी इधर नहीं है," एवढंच उत्तर मिळालं. सुटकेसवर रंगाने नाव-पत्ता लिहिलेला होता, आम्ही सगळेच लिहितो तसा. आणि त्याशेजारी हा डबा, त्यावर तेच नाव, कै. लावलेलं. साल नाही, महिना ऑगस्ट. तो आला होता सप्टेंबरात.

"म्हटलं, तरणा माणूस गेला, घरच्यांनी भांडी वाटली, आणि सामान मात्र इथंच पडलंय. मला झोप लागेना हो त्या बेडवर. दुपारचा तो डबा वाजायचा. टक् करून. दिवा लागायचा. शेवटी देवाजवळ ठेवला, उदबत्ती लावत गेलो." मग त्याने हात जोडले. "आणि तुमच्या वडिलांना पत्र टाकलं. की सामान सुरक्षित आहे, काळजी करू नये, कुणी येणाऱ्याबरोबर पाठवून देतो. डब्याचंही लिवलं. चांगल्या मनानं लिवलं, साहेब."

"कधी टाकलं?"

"दोन आठवडे होऊन गेले."

त्याला चार शिव्या हासडाव्यात असं वाटलं, पण तेवढा वेळ नव्हता. पत्र पोचायला बारा दिवस लागत. मी जिना उतरून रस्त्यावर धावलो. उन्हात तापलेल्या फोन बूथमध्ये शिरलो, कार्ड घातलं, घरचा, कऱ्हाडचा नंबर फिरवला. 'इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं.' पुन्हा फिरवला. तेच. रिसीव्हर कानाला चटके देत होता. बाईचा तो थंड आवाज मी किती वेळा ऐकला कोण जाणे. प्रत्येक वेळी मी मनात घर बघत होतो, आणि प्रत्येक वेळी आई मला जमिनीवर पडलेली दिसत होती.

शेवटी रिंग गेली. वडिलांनी उचलला.

"कोण?"

"बाबा, मी."

"मी कोण?"

'बाळ' म्हणायचं मला सुचलंच नाही. मी माझं नाव सांगितलं. त्यांच्यासमोर ते नाव मी त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं. लाइनवर माझाच आवाज उशिराने परत आला, तेच नाव घेऊन. मग वडिलांनी अगदी हळू, एखाद्या वडीलधाऱ्याला विचारावं तसं, विचारलं:

"कुठले?"

भर उन्हात माझ्या अंगावर शहारा आला. "तुमचा मुलगा, बाबा," मी ओरडलो. "मी जिवंत आहे. चूक झाली. सगळी चूक झाली."

पत्र तीन दिवसांपूर्वीच आलं होतं. त्यांनी ते वाचून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि आईला सांगितलं नाही. कसं सांगणार? आईच्या कानावर जाऊ नये म्हणून तीन दिवस रोज एसटीडी बूथपर्यंत जायचे, कंपनीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी काढायचे, आणि न लावताच परत यायचे. विचारलं नाही तोवर मी मेलेलो नव्हतो. डब्याचा मजकूर त्यांना उमगत नव्हता: आपण तर काही वाटलं नाही, मग याच्या नावाची भांडी कुणी केली? आईला एक शब्द विचारला असता तर ती म्हणाली असती, अहो, तो आपलाच डबा, मीच दिलाय. पण तिने डबा त्यांच्यापासून लपवला होता आणि त्यांनी पत्र तिच्यापासून. हे सगळं मला पुढे कळलं. त्या वेळी फक्त ऐकू आलं की रिसीव्हर टेबलावर आपटला, आणि वडिलांनी आत वळून हाक दिली. माझं नाव घेऊन. मोठ्याने, दोनदा, तीनदा.

"अहो, असं काय करताय, मामंजींच्या नावाने का ओरडताय?" आईचा आवाज जवळ आला. मग फोनवर: "काय रे बाळ? हे रडतायत कशाने? तू बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"जेवलास का?"

"हो."

"मग ठीक. आणि ऐक," तिने आवाज खाली आणला, "माझा डबा जपून ठेवलायस ना?"

डबा मी दिवाळीत नेऊन दिला, चार भोकं आणि दिव्यासकट. आई पुष्कळ बोलली. वडिलांनी साल होतं त्या भोकावरून बोट फिरवलं आणि डबा माळ्यावर ठेवला. मात्र त्या दिवसापासून ते मला नावाने हाक मारू लागले. शेवटपर्यंत.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या वर्षश्राद्धाला वाटायचे डबे घेऊन मी भांड्यांच्या दुकानात बसलो होतो. कोरणाऱ्याने मशीन चालू करण्याआधी विचारलं, "मधलं नाव घालायचंय का? हल्ली कुणी घालत नाही."

वडिलांचं मधलं नाव म्हणजे त्यांच्या वडिलांचं. म्हणजे माझंच.

"घाला," मी म्हटलं. "आणि साल ठसठशीत घाला."